आधी बोट, मग डोळे

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, बिस्किटांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला, एका ट्रस्टचा ब्रेल पुस्तकांचा छापखाना आहे. तिथं यंत्रावर जस्ताच्या पातळ पत्र्यावर टिंबं उठवतात, त्या पत्र्यावरून जाड कागद छापतात आणि अंध मुलांची शाळेची पुस्तकं गठ्ठे बांधून राज्यभर पाठवतात. पत्रा तयार झाला म्हणून लगेच छपाई मात्र होत नाही. आधी एकच प्रत काढतात आणि ती हिरामण पिंगळेच्या टेबलावर जाते. हिरामण स्वतः लहानपणी गोवरात आंधळा झालेला. तो त्या प्रतीवर बोट फिरवत मोठ्यानं वाचतो. समोर रूपाली छापील पुस्तक उघडून गप्प बसते आणि तो वाचतोय ते पुस्तकात तसंच आहे ना, हे बघते. कुठं टिंब उठलेलं नसेल तर पत्र्यावर ठोकून उठवायचं, जास्तीचं असेल तर हातोडीनं बसवायचं. हिरामण 'बरोबर' म्हणाल्याशिवाय यंत्र हलत नसे.

टेबलाचा नियम एकच होता आणि तो हिरामणनंच घातला होता. आधी बोट, मग डोळे. डोळसानं आधी तोंड उघडायचं नाही. त्याचं म्हणणं असं, की कानावर शब्द पडला की बोट कागदावरचं वाचत नाही, ऐकलेलं शोधतं, आणि शोधलं की सापडतंच. रूपालीच्या आधी एक बाई होत्या. कामाला वाघ, पण जिभेला दम नाही. हिरामण अडखळला की त्या चटकन पुढचा शब्द सांगून टाकायच्या. हिरामणनं त्यांना चारदा बजावलं आणि मग सरळ साहेबांना सांगून बांधणीच्या खात्यात पाठवून दिलं. बाई रडल्या. ह्याला काही वाटलं नाही. टेबलाच्या बाबतीत हा माणूस असा कडू होता.

यंत्रावरची पोरं त्याच्या बोटाला टरकून असत. पत्रा परत आला की म्हणत, 'भाऊंच्या बोटानं खाल्ला.' हिरामणला हे ऐकायला फार आवडायचं. मखमलाबादला त्याच्या भावांची फुलशेती, भाजीपाला. घरातला हा एकटाच मळ्यातून सुटून नोकरीला लागला, तेही ज्याला कुणी कामाचा धरला नव्हता तो. लग्नकार्यात कुणी विचारलं, काय करता, तर तो म्हणायचा, 'पुस्तकं तपासतो.' समोरचा क्षणभर गप्प व्हायचा. ती शांतता हिरामणला जेवणापेक्षा गोड लागायची.

आणि त्याच बोटाला कळेनासं झालं.

सुरुवात पायांपासून झाली होती. एकदा मळ्यातून घरी आला तेव्हा एका पायात चप्पलच नव्हती. चिखलात रुतून राहिली आणि ह्याला पत्ता नाही. बायको कुसाबाई त्याला ओढत सिव्हिलला घेऊन गेली. साखर निघाली, ती बरीच जुनी. डॉक्टरीणबाईंनी पायाच्या अंगठ्याला नायलॉनचा बारीक ताठ दोरा टोचत विचारलं, 'लागतंय का?' हिरामण म्हणाला, 'तुम्ही सुरू केलं की सांगा.'  हिरामणनं मनाची समजूत घातली, की पाय काही वाचत नाहीत. गोळ्या सुरू केल्या, चहातली साखर बंद केली, लग्नातली जिलेबी मात्र सोडली नाही.

मग गणपतीनंतर कधीतरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला कागद जाड वाटायला लागला. त्यानं साहेबांकडे तक्रार केली, की कागद हलक्या प्रतीचा आलाय. पुढं टिंबं एकमेकांत मिसळल्यासारखी लागायला लागली. त्यानं यंत्रावरच्या पोरांना शिव्या घातल्या, की पत्रे नीट उठवत नाहीत. पोरांनी निमूटपणे सगळं परत तपासलं. हिरामणनं डाव्या हाताचं बोट वापरून पाहिलं, मधलं बोट पाहिलं. घरी एक प्रत नेऊन मोरीत उभं राहून ओठांना लावून पाहिली. ओठांना थोडंफार कळत होतं. तेवढ्यात कुसाबाई पाणी घ्यायला आली.

'आता कागद खाताय का काय?' ती म्हणाली. 'साखर न्हाय त्यात, खावा.'

तो हसला आणि प्रत मुकाट्यानं पिशवीत घातली. तिला सांगता आलं असतं. पण सांगितलं म्हणजे ते खरं झालं असतं. टेबल गेलं तर हिरामण पिंगळे म्हणजे कोण उरतो, ह्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. भावजया चांगल्या होत्या, म्हणायच्या, 'भावजी, कंटाळा आला का सोडून द्या नोकरी, बसा आमच्यात माळा गुंफत.' माळ गुंफायलाही बोटच लागतं. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

दिवाळीच्या तोंडावर कामाची झुंबड उडाली. गणिताचं, भूगोलाचं, मराठीचं, सगळंच एकदम आलं. त्या गडबडीत हिरामण रूपालीला म्हणाला, 'आजपासून तू वाच. मी बोट फिरवतो. वेळ वाचेल.'

रूपाली पुस्तक हातात धरून तशीच बसली. 'मी आधी वाचू?'

'मग काय शेजारच्या कारखान्यातून माणूस आणू?'

'पण भाऊ, तुम्हीच तर...'

'मीच घातलेला नियम, मीच मोडतोय. कुणाची परवानगी काढू?'

रूपाली एकलहऱ्याहून रोज दोन बस बदलून यायची. नवरा वीज केंद्रात कंत्राटी कामावर, सासू आजारी, त्यामुळं काम लवकर आटपलं तर तिलाही हवंच होतं. ती वाचायला लागली. हिरामण ओळीवरून बोट नेत राहिला आणि ओळ संपली की म्हणायला लागला, 'बरोबर.' काम दुपटीनं सरकलं. ज्ञानेश साहेब, म्हणजे तिथला व्यवस्थापक, वयानं लहान पण माणूस अदबशीर, तो टेबलापाशी येऊन म्हणाला, 'भाऊ, हे आधी का नाही सुचलं?' हिरामण म्हणाला, 'सगळं एकदम सुचलं तर तुम्ही काय करायचं?' सगळे हसले.

सुरुवातीला तो खरोखर प्रयत्न करायचा. कानावर 'पाऊस' पडला की बोटाखाली पाऊस शोधायचा. आणि त्याच्याच नियमाप्रमाणं तो सापडायचा. पुढं पुढं शोधणंही सुटलं. तिचा सूर ऐकायचा, ओळीच्या शेवटी सूर खाली आला की मान हलवायची. पत्रे छपाईला जात राहिले. यंत्रावरची पोरं खूश होती. भाऊंच्या बोटाची भूक मेली, म्हणत होती.

रूपालीला कळायला थोडे दिवस लागले. एकदा वाचता वाचता तिनं सहज वर पाहिलं, तर ओळ अर्ध्यावर संपलेली होती आणि हिरामणचं बोट पुढच्या कोऱ्या कागदावरून शांतपणे सरकत होतं. त्याच्या तोंडावर शंकेचा मागमूस नव्हता. शेवटाला जाऊन तो म्हणाला, 'बरोबर. पुढं.'

तिनं पुढची ओळ वाचली. रात्री झोप लागली नाही तिला. ह्या माणसानं तिला काम शिकवलं होतं. तिच्या सासूच्या ऑपरेशनच्या वेळी रजेसाठी साहेबांशी भांडला होता. त्याला तोंडावर कसं विचारायचं? पण आपण वाचतोय ती पुस्तकं मुलांच्या हातात जाणार, हेही डोक्यातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भूगोलाचा धडा होता. पुस्तकात होतं, शहर नदीच्या डाव्या तीरावर वसलं आहे. रूपालीनं वाचलं, 'शहर नदीच्या उजव्या तीरावर वसलं आहे.'

आता रूपालीची वाचायची एक पद्धत होती. शाळेत कविता म्हणतात तशी, सपाट, एका लयीत. इतकी वर्षं समोरासमोर बसून हिरामणला तिचा आवाज तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त पाठ झाला होता. 'उजव्या'च्या आधी ती थांबली, आवंढा गिळला आणि तो शब्द जरा जास्तच स्पष्ट म्हटला. हिरामणला कागदावर काय आहे ते मुळीच कळलं नव्हतं. पण ही आपल्याला जोखतेय, हे लख्ख कळलं.

त्या क्षणी त्याला दोन रस्ते होते. 'बरोबर' म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. तो म्हणाला, 'थांब. इथं तसं नाहीये. तुझ्या पुस्तकात परत बघ.'

रूपालीनं इतका मोठा श्वास सोडला, की तो त्याच्या हातावर आला. 'चुकलंच भाऊ. डाव्या तीरावर.'

'हां. तेच म्हणतो मी.'

दुपारी डबा खाताना तिनं स्वतःहून सांगून टाकलं. 'भाऊ, मी मुद्दाम चुकीचं वाचलं होतं. माझ्या मनात भलतंसलतं आलं तुमच्याबद्दल. माफ करा.' तिचा आवाज रडवेला झाला होता. तिनं त्याच्यासाठी कारल्याची भाजी आणली होती, साखरेला चांगली म्हणून.

'शंका घ्यावी,' हिरामण म्हणाला. 'आपलं कामच आहे ते.'

कारलं त्यानं सगळं खाल्लं. घासागणिक त्याला स्वतःची किळस येत होती. आता ती कधीच विचारणार नव्हती. तो वाचला होता, कायमचा. आणि इतकं एकटं त्याला डोळे गेले तेव्हाही वाटलं नसेल.

संक्रांतीच्या सुमाराला ज्ञानेश साहेबानं दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. धुळ्याकडच्या एका गावातून दहावीतल्या मुलीचा फोन होता. नाव वैष्णवी. डोळसांच्या शाळेत शिकणारी, वर्गात ब्रेलवाली ती एकटीच. साहेबानं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

'बोल बाळा,' साहेब म्हणाला. 'ज्यांनी तुझं पुस्तक तपासलं ते हिरामणकाका इथं आहेत. त्यांच्या हातून चूक सुटत नाही. ते सांगतील तुला.'

'काका, नमस्कार,' मुलगी म्हणाली. आवाज बारीक, पण ठाम. 'गणिताच्या पुस्तकात काटकोन त्रिकोणाचं उदाहरण हाय. एक बाजू सहा, दुसरी पाच, अन् कर्ण दहा. माझं येतच नाय ते. सर म्हणाले, पाच कुठून काढलं, आठ हाय ती. म्हणाले नीट चाचपून वाच. सगळी पोरं हसली.'

 ब्रेलमधल्या आठातलं एक टिंब उठलं नाही, की पाच उरतो. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

'मी लय येळा वाचलं काका. मला पाचच लागतं. म्हणून विचारायचं व्हतं...' ती थांबली. 'माझं बोट बिघडलं का? असं व्हतं का कुणाचं? मग मी बाकीची पुस्तकंबी चुकीचीच वाचली आसतील.'

 साहेबच म्हणाला, 'टपालात गठ्ठ्यांचं वजन पडतं ना भाऊ, टिंब दबलं असेल. होतं तसं कधी कधी.'

होतं, खरंच होतं. ब्रेलची पुस्तकं एकावर एक रचली की खालची टिंबं बसतात, हे छापखान्यातल्या शिपायालाही माहीत असतं. पळवाट समोर उघडीच होती आणि ती साहेबानं स्वतःच्या हातानं उघडून दिली होती. हिरामण म्हणणारही होता तसं. पण रूपाली तोवर कपाटातून त्याच पुस्तकाची, टपालाचं तोंडही न पाहिलेली प्रत घेऊन आली होती. तिनं पान काढलं, त्याचा हात धरून बोट नेमकं त्या ओळीवर ठेवलं आणि गप्प उभी राहिली. आधी बोट, मग डोळे. तिला कसलीच शंका नव्हती. तिच्या मनातून भाऊ आता वाचून दाखवणार होते आणि पोरीच्या मनातलं किल्मिष जाणार होतं.

हिरामणनं बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. रूपालीचा आवाज नव्हता. सूर नव्हता, आवंढा नव्हता, धरायला काही नव्हतं. बोटाखाली नुसता खरखरीत कागद होता. पाच की आठ, दोन्ही त्याला पाठ होते आणि फोनवर ती सांगतेय ते तो बिनधास्त म्हणू शकत होता. 'पाच आहे, पत्रा चुकला,' एवढं म्हटलं असतं तरी सगळे म्हणाले असते, चला, शंभर पत्र्यांत एखादा सुटतो. पण पलीकडं ती पोर स्वतःच्या बोटावर अविश्वास धरून बसली होती आणि तो इकडं तिच्याच बोटानं वाचल्याचं सोंग करणार होता. ते त्याच्यानं झालं नाही.

'बाळा,' तो म्हणाला. 'तुझं बोट चांगलंय. पाचच छापलंय तिथं असं तू म्हणतेस ना, मग पाचच असणार. माझं बोट गेलंय. दिवाळीच्या आधीपासून मला काही वाचता येत नाही.'

 मुलगी म्हणाली, 'म्हणजे मग पुस्तक कुणी तपासलं?'

'कुणीच नाही,' हिरामण म्हणाला.

साहेबानं फोन बंद करताना तिला काय सांगितलं, ते त्याला ऐकू आलं नाही. रूपालीनं त्याचा हात सोडला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, 'त्या दिवशी मग डाव्या तीराचं?'

'तुझा आवाज,' तो म्हणाला.

ती बाहेर निघून गेली.

दिवाळीच्या आधीपासूनचं सगळं परत वाचायचं ठरलं. गेलेली पुस्तकं परत मागवायची, पत्रे दुरुस्त करायचे, छपाई थांबवायची. पण वाचणार कोण? बांधणीच्या खात्यात निकिता होती. सुरगाण्याकडची, नाशिकच्या अंध मुलींच्या वसतिगृहात शिकलेली, बावीस-तेवीसची. तिनं वर्षभरापूर्वी तपासणीचं काम मागितलं होतं आणि हिरामणनंच तिला 'अजून अडखळतेस, जा' म्हणून परत लावलं होतं. तीच आता त्याच्या खुर्चीवर बसली. समोर रूपाली. हिरामणला साहेबानं सांगितलं, 'भाऊ, तुम्ही चार दिवस घरी राहा. मग आपण बघू, पॅकिंगला किंवा...' हिरामण घरी गेला नाही. त्यानं एक स्टूल ओढलं आणि टेबलाच्या कडेला बसला. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि ऊठ म्हणायचं धाडस कुणात नव्हतं.

निकिता वाचायला लागली. खरंच अडखळत होती, पण तिच्या अडखळण्यात एक गंमत होती, जी हिरामणला वर्षभरापूर्वी कळली नव्हती. जिथं चूक असेल तिथंच ती अडखळत होती. 'इथं टिंब कमी हाय.' रूपाली खूण करायची. 'इथं जास्तीचं हाय.' परत खूण. पहिल्या पानावर एक, दुसऱ्यावर दोन. हिरामणनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. प्रत्येक चुकीला त्याची मान थोडी खाली जायची. रूपाली सकाळपासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

दुपारनंतर चुका एकदम कमी झाल्या. निकिता सरळ वाचत सुटली. एक पान बिनचूक, मग दुसरं. हिरामणला आधी बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की ती अधूनमधून अजूनही थांबते. थांबते, श्वास घेते आणि मग पुस्तकात असायला हवा तो शब्द म्हणून पुढं जाते. समोर रूपालीही गप्प. दोघींनी काही ठरवलं नव्हतं. पोरीला म्हाताऱ्याची दया आली होती, एवढंच.

'थांब,' हिरामण म्हणाला. 'आत्ता काय होतं तिथं?'

'काय नाय काका.'

'निकिता.'

तिनं बोट त्याच ओळीवर परत नेलं. मग हळूच म्हणाली, 'टिंब उठेल नव्हतं. मी नंतर सांगनार व्हते ताईला. तुम्ही बसेल आहात म्हणून...'

'माझ्या चुका मला ऐकू दे गं,' तो म्हणाला. 'आता वाचता तर येत नाहीत.'

रूपालीनं छापील पुस्तकाची पानं मागं उलटली. 'वरून घे, निकिता,' ती म्हणाली. निकितानं बोट पानाच्या पहिल्या ओळीवर नेलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.